आभाळातून पडणारा पैसा

‘एअरड्रॉप’ हा शब्द मूळचा युद्धकाळातला. वेढ्यात सापडलेल्या सैन्याला वा नगराला विमानातून रसद टाकणे, एवढाच त्याचा अर्थ. १९४८ साली बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा गेल हाल्व्हर्सन या अमेरिकन वैमानिकाने हातरुमालांची चिमुकली हवाईछत्रे करून मुलांसाठी चॉकलेटे खाली सोडली होती. त्या प्रसंगाने या शब्दाला कायमची एक कोमल छटा मिळाली. वरून काहीतरी येते, देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि घेणाऱ्याला हात पसरण्यापलीकडे काही करावे लागत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत क्रिप्टोचलनाच्या व्यवहाराने हा शब्द उचलला. एखादे नवे टोकन काढणारे लोक ते हजारो-लाखो खात्यांवर फुकट वाटतात, त्याला आता एअरड्रॉप म्हणतात. आणि ज्या वाटपाच्या नावाखाली घेणाऱ्याचेच खिसे रिकामे केले जातात, त्यालाही बाहेरून तेच नाव असते.

मराठीला या कल्पनेसाठी शब्द उसना घ्यायचे कारण नव्हते. ‘पैशांचा पाऊस’ आपल्याकडे फार पूर्वीपासून पडत आला आहे. निदान पाडून देतो असे सांगणारे फार पूर्वीपासून हिंडत आले आहेत. या लेखात एअरड्रॉपचा इतिहास या देशी पावसाच्या शेजारी ठेवून पाहायचा आहे. असे केल्याने दोन गोष्टी स्पष्ट होतील असे वाटते. पहिली ही, की फुकट वाटप ही मुळात खोटी गोष्ट नाही. दुसरी ही, की फसवणूक नेहमी खऱ्या दानाचा वेष घेऊन येते, आणि म्हणून खऱ्या दानाची लक्षणे ठाऊक असणे हाच तिच्यावरचा पहिला उपाय आहे.

खऱ्या दानाचे एक उदाहरण दरवर्षी आषाढात पाहायला मिळते. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरडचा मुक्काम आटोपून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्यास मुक्कामाला येते. माळशिरस तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. महादेवाच्या डोंगररांगांच्या पायथ्याचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले म्हणून येथे ऊस दिसतो. पाऊस वेळेवर येईल यावर विसंबून राहण्याची चैन येथल्या माणसाला कधी परवडलेली नाही. पण पालखीच्या दिवशी या वाटेवर भाकरी, पिठले, चहा, केळी, औषधे यांचा जो वर्षाव होतो तो खरा असतो. वारकऱ्याला कोणी नाव विचारत नाही, ‘आधी शंभर रुपये ठेव, मग दोनशेचे जेवण देतो’ असे म्हणत नाही, पडशी उघडून दाखव असेही म्हणत नाही. घेणारा पुढे निघून जातो आणि देणारा मागे राहतो. दोघांमध्ये काहीही बाकी उरत नाही. बिनशर्त दान म्हणतात ते हेच.

दानाचा दुसरा प्रकार राजसत्तेचा. तळेगावला सेनापती खंडेराव दाभाडे श्रावणात दक्षिणा वाटीत. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ही प्रथा पुण्यात पेशव्यांकडे आली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात हजारो ब्राह्मण देशभरातून जमत. आता, जेथे फुकट वाटप आहे तेथे एकाने दोनदा हात पुढे करण्याचा मोहही आहे. म्हणून मंडळींना बंदिस्त आवारात घेत, आत शिरताना हाताला रंग लागेल अशी योजना करीत, आणि दक्षिणा बाहेर पडताना दारावर देत. आजचे टोकन वाटणारे लोकही नेमक्या याच अडचणीने त्रस्त असतात. एक मनुष्य शंभर खाती उघडून शंभर वाटे उचलतो. रमण्यातला रंग आणि आजची पडताळणी यांचा हेतू एकच.

या दक्षिणेची पुढची कथा मराठी वाचकाला जवळची आहे. पेशवाई गेली, तरी इंग्रजांनी हे वाटप एकदम थांबवले नाही. १८४९ साली पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला की या पैशातून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावे. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांच्या रक्षणासाठी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. १८५१ पासून दक्षिणा प्राइज कमिटीचे काम सुरू झाले, आणि १८५५ साली याच कमिटीने फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक नाकारले. हा इतिहास येथे काढण्याचे कारण एवढेच, की वाटप कितीही मोफत असो, ते कोणाला, का आणि कोणाच्या पैशातून, हा प्रश्न नेहमी विचारता येतो. आणि खऱ्या वाटपाला त्याचे उत्तर असते. दक्षिणा धर्मासाठी आणि राजाच्या कीर्तीसाठी होती. पैसा मुलखाच्या महसुलातून येत होता. मान्य करा वा न करा, हिशेब उघडा होता.

हाच प्रश्न क्रिप्टोच्या वाटपाला विचारून पाहू. जून २०१० मध्ये गॅव्हिन आंद्रेसन या प्रोग्रामरने एक संकेतस्थळ उघडले. येणाऱ्या प्रत्येकाला तेथे ५ बिटकॉइन फुकट मिळत. तेव्हा बिटकॉइनला बाजारात किंमत जवळपास नव्हती. लोकांनी ते हाताळून पाहावे एवढाच उद्देश होता. २०१४ साली आइसलंडमध्ये ‘ऑरोराकॉइन’ निघाले. २००८ च्या बँकबुडीने पोळलेल्या त्या देशातल्या प्रत्येक नागरिकाला ३१.८ नाणी देण्याची योजना होती, आणि २५ मार्च रोजी वाटप सुरू झाले. मिळालेली नाणी लोकांनी विकून टाकली आणि भाव थोड्याच आठवड्यांत कोसळला. येथे कोणाला लुबाडले गेले असे नाही. फुकट मिळालेल्या वस्तूला मोल असेलच असे नाही, एवढेच सिद्ध झाले. सप्टेंबर २०२० मध्ये ‘युनिस्वॅप’ने, १ सप्टेंबरपूर्वी आपली सेवा वापरलेल्या प्रत्येक खात्याला किमान ४०० टोकन दिली. त्या दिवसांत त्यांची किंमत हजार डॉलरच्या वर होती आणि पुढच्या मे महिन्यात ती कित्येक पटींनी वाढली.

या तिन्ही वाटपांना कारण आहे. पहिल्यात प्रसार, दुसऱ्यात एक राजकीय कल्पना, तिसऱ्यात जुन्या ग्राहकांना मालकीचा वाटा आणि त्याबरोबर जाहिरात. युनिस्वॅपच्या वेळी तर पात्रता आधीच ठरलेली होती. घोषणा झाल्यावर धावत जाऊन कोणाला पात्र होता येत नव्हते. पण या प्रसंगाने एक गोष्ट लोकांच्या मनात पक्की झाली: आभाळातून कधी कधी खरेच पैसा पडतो. फसवणाऱ्याला याहून चांगली मशागत केलेली जमीन कोणती मिळणार?

या जमिनीत जे पेरले गेले त्याचे मुख्य प्रकार तीन.

पहिला दुपटीचा. ‘तुम्ही एक पाठवा, आम्ही दोन परत करू.’ १५ जुलै २०२० रोजी ट्विटरवर बराक ओबामा, बिल गेट्स, एलॉन मस्क यांसारख्यांच्या खात्यांवरून अशी घोषणा झाली. खाती अस्सल होती. त्यांचा ताबा चोरांनी मिळवला होता. काही तासांत लाखाहून अधिक डॉलरचे बिटकॉइन लोकांनी पाठवले. मुख्य सूत्रधार फ्लोरिडातला सतरा वर्षांचा मुलगा निघाला. ज्याला खरोखर द्यायचे आहे तो आधी मागत नाही, हा वारीच्या वाटेवरचा साधा नियम येथे लावला असता तर नाव कोणाचे आहे हे तपासण्याची गरजच पडली नसती.

दुसरा प्रकार किल्ली मागण्याचा. क्रिप्टोच्या पाकिटाची खरी किल्ली म्हणजे बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांची एक ओळ. ते शब्द ज्याच्याजवळ, धन त्याचे. ‘टोकन जमा करण्यासाठी पाकीट पडताळून घ्या’ असे सांगून हे शब्द एखाद्या रकान्यात लिहायला लावतात. टोकन जमा होण्यासाठी केवळ खात्याचा पत्ता पुरतो, जसा मनिऑर्डरीसाठी घराचा पत्ता पुरतो. पोस्टमन कपाटाची किल्ली मागू लागला तर तो पोस्टमन नव्हे.

तिसरा प्रकार सर्वांत सूक्ष्म आणि जाणकारांनाही चकवणारा. यात शब्द मागत नाहीत, फक्त एका संमतीवर सही घेतात. पाकिटात एके दिवशी न मागितलेले टोकन येऊन पडलेले दिसते. त्याच्या नावातच एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता असतो. तेथे जाऊन ‘हक्क सांगा’चे बटण दाबले की पडद्यावर काही न समजणारी अक्षरे येतात आणि मालक संमती देतो. ती संमती पुष्कळदा अमर्याद असते: माझ्या खात्यातले अमुक टोकन तुम्ही हवे तेव्हा, हवे तितके उचलावे. आपल्या जमिनीच्या व्यवहारात कुलमुखत्यारपत्र म्हणतात तसलाच हा कागद. जुलै २०२२ मध्ये सत्तर हजारांहून अधिक खात्यांवर असे खोटे टोकन टाकण्यात आले. नाव युनिस्वॅपचे होते. जे त्या आमिषामागे गेले त्यांचे मिळून सुमारे ऐंशी लाख डॉलर गेले. दोन वर्षांपूर्वीच्या खऱ्या वाटपाची आठवण ताजी होती, म्हणूनच हे नाव निवडले गेले.

आता आपल्या राज्याकडे वळू. महाराष्ट्रात क्रिप्टोच्या नावावर सर्वाधिक गाजलेले प्रकरण ‘गेनबिटकॉइन’चे. २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेत बिटकॉइन गुंतवणाऱ्याला दरमहा १० टक्के, असे अठरा महिने, परताव्याचे आश्वासन होते. नवा सभासद आणणाऱ्याला वेगळा मोबदला. सूत्रधार अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे गुन्हे सीबीआयकडे सोपवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठाहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. मधल्या काळात, मार्च २०२२ मध्ये, पुणे पोलिसांनी तपासात ज्या दोन तज्ज्ञांची मदत घेतली होती त्यांनाच जप्त क्रिप्टो वळते केल्याच्या आरोपाखाली अटक झाली. हा तपशील कादंबरीत आला असता तर अतिरंजित वाटला असता.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली एक गोष्ट विशेष आहे. बिटकॉइनमध्ये परतावा देणे अशक्य झाले तेव्हा कंपनीने गुंतवणूकदारांच्या खात्यांवर ‘एमकॅप’ नावाचे स्वतः काढलेले टोकन जमा करायला सुरुवात केली. देणे बिटकॉइनचे, हाती आले एमकॅप, आणि त्याचे मोल नगण्य. एअरड्रॉपच्या रूपाने कर्ज फेडल्याचा हा देखावा होता. इतिहासात याला एक मोठे साम्य सापडते. महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवल्यावर थोड्याच काळात, १३२९-३० च्या सुमारास, तांब्या-पितळेची सांकेतिक नाणी काढली. सुलतानाचा हुकूम म्हणून ती चांदीच्या भावाने घ्यायची. घरोघरी टाकसाळी निघाल्या आणि व्यवहार मोडला. परंतु तुघलकाने अखेर ती नाणी परत घेऊन खजिन्यातून खरे मोल चुकते केले, आणि परत आलेल्या नाण्यांचे ढीग तुघलकाबादेत पडून राहिले असे बरनी नोंदवतो. ज्याला आपण वेडा महंमद म्हणून हसतो त्याने निदान खिडकी उघडी ठेवली होती. एमकॅपला खिडकीच नव्हती.

त्याच काळात नवी मुंबईत ‘वनकॉइन’चे प्रकरण झाले. एप्रिल २०१७ मध्ये पोलिसांनी एका प्रचारसभेत शिरून अठरा जणांना पकडले. बल्गेरियातून चाललेल्या या योजनेमागे प्रत्यक्षात कोणतीही ब्लॉकचेन नव्हती. आकडे फक्त कंपनीच्या संगणकावर होते. संस्थापिका रुजा इग्नातोव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नाहीशी झाली. जगाच्या अनेक भागांत लोकांना त्यानंतर कळले. नवी मुंबईतल्या काहींना सहा महिने आधी कळले होते.

अशा प्रकरणांवर आपली सुशिक्षित प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘लोभाचे फळ.’ हे अर्धे उत्तर आहे, आणि अर्ध्या उत्तराचा तोटा असा की ते पुढचा विचार थांबवते. दरमहा १० टक्क्यांची योजना वर्तमानपत्रात वाचून फार थोडे लोक पैसे घालतात. ती मामेभावाकडून येते, जुन्या वर्गमित्राकडून येते, शेजारच्या दुकानदाराकडून येते. आणि त्याला पहिले दोन हप्ते खरेच मिळालेले असतात. नातेपुत्यासारख्या गावात, जेथे उधारी वहीपेक्षा शब्दावर चालते, तेथे हा मार्ग सर्वांत सोपा. गावाच्या नावात ‘नाते’ असावे हा अक्षरांचा योगायोग. पण योजना चालतात त्या नात्यावरच. पैसा बुडतो तेव्हा नातेही बुडते, आणि ते वाचवण्यासाठी माणसे तक्रार करीत नाहीत. लोभाला हसणारा समाज फसलेल्याला आणखी गप्प करतो, आणि त्या गप्पपणावर पुढची योजना उभी राहते.

पैशांच्या पावसाचे तंत्र पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. मांत्रिक आधी थोडे मागतो: पूजेचे साहित्य. मग थोडे अधिक: विधीत विघ्न आले, त्याचा परिहार. मुहूर्त जवळ असतो, अमावास्या टळली तर सर्व वाया. आणि मुख्य अट: कोणाला सांगायचे नाही, सांगितले की धन कोळसा होते. आता मोबाइलवरचे वाटप पाहा. आधी व्यवहारशुल्क, मग पडताळणीशुल्क, मग कर. वाटप संपायला काही तास उरलेले. आणि गट खासगी, बाहेर वाच्यता नको. पायऱ्या त्याच आहेत, क्रमही तोच. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तरीही या गुप्ततेची किंमत किती मोठी असू शकते हे जून २०२२ मध्ये म्हैसाळला दिसले. सांगली जिल्ह्यातल्या या गावात एकाच कुटुंबातली नऊ माणसे मृतावस्थेत सापडली. आधी कर्जापायी सामूहिक आत्महत्या असे वाटले. आठवडाभरात पोलिसांनी सोलापूरच्या दोघांना अटक केली. गुप्तधन काढून देण्यासाठी त्यांनी घेतलेले पैसे परत मागितले जात होते आणि म्हणून विष दिले, असा आरोप ठेवला. नऊ जणांच्या घरात हा व्यवहार दीर्घकाळ चालला होता आणि बाहेर कोणाला त्याची पुरती कल्पना नव्हती.

म्हणून उपायांची यादी तांत्रिक वाटली तरी तिचा गाभा सामाजिक आहे. तांत्रिक भाग थोडक्यात असा. वाटपाची बातमी आलेल्या दुव्यावरून नव्हे, प्रकल्पाच्या मूळ संकेतस्थळावर स्वतः जाऊन तपासावी. बारा शब्द कोणालाही, कोणत्याही कारणाने देऊ नयेत. न मागता आलेल्या टोकनाला हात लावू नये. ते पाकिटात पडून राहिल्याने काही बिघडत नाही. वाटप घ्यायचेच असेल तर वेगळे, रिकामे पाकीट ठेवावे, म्हणजे चुकीच्या सहीने जायला काही नसेल. दिलेल्या संमती वेळोवेळी पाहून नको त्या रद्द कराव्यात. ‘कर आधी आमच्याकडे भरा, मग टोकन सुटेल’ हे तर सरळ खोटे. २०२२ पासून भारतात अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि व्यवहारावर १ टक्का कापला जातो हे खरे. पण आपल्या उत्पन्नावरचा कर सरकारकडे भरायचा असतो, वाटणाऱ्या अनोळखी माणसाच्या खात्यावर नव्हे.

आणि पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर लगेच तक्रार करावी. क्रिप्टोचा व्यवहार उलटवता येत नाही. पण त्याआधी बँकेतून गेलेली रक्कम वाटेत असेल तर कधी कधी गोठवता येते, आणि त्यासाठी एकेक तास मोलाचा असतो. दुसऱ्या बाजूने, पैसे परत मिळवून देतो म्हणत जो आपणहून फोन करतो, तो बहुधा त्याच टोळीचा पुढचा अध्याय असतो. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात.

यापलीकडचा भाग म्हणजे बोलणे. पारावर, चहाच्या टपरीवर, भजनाच्या बैठकीनंतर, ‘मला असा निरोप आला होता’ एवढे वाक्य उच्चारले गेले तरी अनेकांचे पैसे वाचतात, कारण गुप्ततेची अट मोडते. फसलेल्या माणसाला हे वाक्य उच्चारता यावे इतपत सौजन्य ऐकणाऱ्यांनी दाखवले पाहिजे. पालखीच्या वाटेवर जे वाटले जाते ते भर दुपारी, रस्त्यावर, सर्वांदेखत वाटले जाते. देणाऱ्याला लपवायचे काही नसते आणि घेणाऱ्यालाही.